पंचांचा आंबा

पंचांनी हट्टापायी परड्यातला मोडका आंबा तोडला नाही आणि त्याच आंब्यानं त्यांची बायको नेली, असं आमच्या गल्लीत आता सरसकट सांगतात. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते झाड पाहिलेलंही नाही. परवा तालमीची पोरं माझ्याकडे आली. वर्धापनदिनाच्या अंकात पंचांवर दोन पानं द्यायची आहेत, तुम्ही त्यांच्याबरोबर मैदानात होता, त्यांच्या माडीवर राहता, काहीतरी गमतीचं लिहून द्या म्हणाली. गमतीचं पुष्कळ आहे, तेही लिहितो. पण झाडाचं जे सांगतात ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे माहीत असलेला गल्लीत मी एकटाच उरलो आहे. माझं वयही आता थांबण्यासारखं राहिलेलं नाही.

पंच म्हणजे फुटबॉलचे पंच. नोकरी वीजखात्यात होती, पण ती कुणाच्या लक्षात नव्हती. नळावर बायकांचं भांडण लागलं की ते खिडकीतून शिट्टी मारत, आणि भांडण खरोखरच थांबे, कारण सगळ्यांना हसू येई. सदऱ्याच्या खिशात पिवळं कार्ड असे. भाडेकरू म्हणून मला ते दोनदा मिळालं. एकदा जिन्यात चपला सोडल्याबद्दल, आणि एकदा त्यांच्यादेखत एका खेळाडूला 'आपला पोरगा' म्हटल्याबद्दल. 'आपला' हा शब्द त्यांच्या लेखी शिवीपेक्षा वाईट.

कोल्हापुरात पेठेची टीम म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सोयरीक मोडेल पण टीम सुटत नाही. पंचांचं घर नेमकं दोन पेठांच्या शिवेवर. पुढचं दार एका पेठेत, परड्याचं दार दुसऱ्या. त्यामुळे आपण कुणाचेच नाही हे दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. एक आठवडा दूध पुढच्या गल्लीतून, एक आठवडा मागच्या. गणपतीची वर्गणी दोन्ही मंडळांना सारखीच, आणि ती देताना दोन्हीकडच्या पोरांना एकाच वेळी दारात उभं करत. कुणाच्या घरी चहा घेत नसत. लग्नाला जात, अक्षता टाकत आणि न जेवता परत येत. वीजखात्यातल्या लोकांच्या जेवणाला तेवढे जात, कारण तिथं टीमचा संबंध नव्हता. तिथंही एकदा वाढप्यानं त्यांच्या वाटीत तांबडा रस्सा दोनदा ओतला, तर यांनी हाक मारून पांढरा आणखी एकदा मागून घेतला. "बरोबरी झाली," म्हणाले, आणि मग भाकरी मोडली.

आम्ही हसायचो. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, हसायच्या नाहीत. दुसऱ्याच्या घरी काही घ्यायचं नाही हा नियम त्यांनाही लागू होता. हळदीकुंकवाला गेल्या तर वाण न घेता परतायचं. हळूहळू बायकांनी बोलावणंच सोडलं. गल्लीत एवढी वर्षं राहून त्यांना हक्कानं जाऊन बसावं असं एक घर नव्हतं.

अपवाद होता परड्यातल्या आंब्याचा. झाड जुनं, बुंध्यापासून दोन पुरुष उंचीवर बेचकं, आणि तिथून दोन मोठे फांदे, एक इकडच्या पेठेकडे झुकलेला आणि एक तिकडच्या. कैरी आंबटढाण, लोणच्यालाच चांगली. पंचांचं म्हणणं असं, की घेतल्यानं पंच विकला जातो, दिल्यानं नाही. म्हणून कैऱ्या वाटायला मुभा होती. चैत्र सरता सरता दोन्हीकडच्या बायका परड्यात जमायच्या, वहिनी वाटे घालायच्या, मोहरी किती घालायची यावरून वाद व्हायचे, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या सासूचं निघायचं. ते चार-आठ दिवस वहिनींचा आवाज मला माडीवर ऐकू यायचा. एरवी त्या घरात आवाज पंचांचा असे.

मी त्या घरात राहायला कसा आलो तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी मैदानात लाइनमन असायचो. एका फायनलला अगदी शेवटी गोल झाला आणि माझा झेंडा वर होता. ऑफसाइड. मी नीट पाहिलं होतं, आजही शपथेवर सांगेन. पंचांनी शिट्टी मारून गोल रद्द केला. आधी पाण्याचे पाउच आले, मग चपला, मग दगड. पोलिसांनी आम्हाला गाडीत घालून बाहेर काढलं. पंचांची स्कूटर पुढे रंकाळ्यात सापडली. गाडीत बसल्यावर कपाळाचं रक्त पुसत त्यांनी मला एवढंच विचारलं, "बघितलंस न्हवं?"

मी म्हटलं, "बघितलं."

"मग झालं."

नंतर फुटबॉल संघटनेच्या बैठकीत त्यांना खोदून खोदून विचारलं, की निर्णय तुमचा का लाइनमनचा. माझं नाव त्यांनी येऊ दिलं नाही. शिट्टी माझी आहे, जे काय विचारायचं ते मला विचारा, म्हणाले. शिव्या त्यांनी खाल्ल्या, वर्षभर सामने त्यांना मिळाले नाहीत. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, की माझा घरमालक हरलेल्या टीमचा होता आणि दुसऱ्या दिवशी त्यानं माझी वळकटी रस्त्यावर ठेवली. संध्याकाळी पंच आले, वर दोन खोल्या रिकाम्या आहेत, सामान आण म्हणाले. तिथं मी जो आलो तो आजपर्यंत आहे. बायको तिथंच वारली, मुलगा तिथूनच पुण्याला गेला. त्या सामन्यापासून पंचांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'लाइन' झालो. आणि माझ्या डोळ्यांवर त्यांनी पुन्हा कधी शंका घेतली नाही.

स्वतःच्या डोळ्यांवर मात्र त्यांना घ्यावी लागली. पंचगिरी सोडली तेव्हा गुडघे गेले असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. गुडघे उत्तम होते. काचबिंदूनं नजर जात होती. हे लोकांना कळलं तर जुन्या सगळ्या सामन्यांवर शंका घेतील, म्हणून ते लपवलं. वहिनींना, मुलीला आणि मला ठाऊक होतं. मुलगी बिद्रीला दिलेली, ती सणावाराला यायची.

आता झाडाचं. काही वर्षांपूर्वी वैशाखात वळीव आला तो वाऱ्यासकट. आंब्याचा मागच्या पेठेकडचा फांदा बेचक्यातून सोलून निघाला आणि भिंत घेऊन खाली आला. त्याखाली माणूस कुणी सापडलं नाही. वहिनींनी त्या पडल्या फांद्याच्या कैऱ्या दोन दिवस वाटल्या; त्या वर्षी गल्लीत लोणचं नाही असं घर नव्हतं. पण उरलेला फांदा नळाच्या आणि धुण्याच्या दगडाच्या बरोबर वर होता, आणि जिथं पहिला सोलला तिथून एक चीर दुसऱ्याच्या मुळाशी गेली होती. खालून ती दिसत नसे. माझ्या माडीच्या गॅलरीतून समोर दिसे.

लोक सांगतात की पंचांनी कुणाचं ऐकलं नाही. उलट, त्यांनी पहिल्याच आठवड्यात झाड तोडायची परवानगी काढली, तोडणाऱ्या माणसाला येऊन बघून जायला लावलं. झाड जाणार हे ठरल्यातच जमा होतं. तो माणूस दोर मोजत होता तेव्हा पंच वहिनींकडे वळले आणि विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

इतक्या वर्षांत त्यांनी वहिनींना काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनाही ते नवीन असावं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहिलेल्या फांद्याला पुढल्या साली एकदा कैऱ्या येऊ देत. मग काय करायचं ते करा. बायका येत्यात तेवढ्यानं."

 पंच तोडणाऱ्याला म्हणाले, थांब. उद्यमनगरातून लोखंडी पट्टा करून आणला आणि तो बेचक्याखाली आवळला. माझ्या गॅलरीत आले. मला बांबूला ब्रश बांधायला लावला आणि चिरेच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या ऑइलपेंटचा एकेक ठिपका द्यायला लावला. दोन ठिपक्यांत बोटभर अंतर राहिलं. मग परड्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा निर्णय दिला. "ठिपकं लांब गेलं तर त्याच दिवशी झाड तोडायचं. न्हाय गेलं तर पुढली कैरी घेऊन तोडायचं. गेलं का न्हाय, ते लाइन सांगंल."

त्या माणसानं आयुष्यात एकच निर्णय कुणाची तरी बाजू घेऊन दिला, आणि तो माझ्या भरवशावर दिला.

रोज सकाळी ते परड्यात येऊन वर तोंड करून विचारत, काय दिसतंय. मी गॅलरीत जाऊन बघे आणि सांगे, तेवढंच आहे. ज्येष्ठात मी रोज बघितलं. नीट बघितलं. मग पाऊस लागला. आमच्या गॅलरीवर पाऊस तिरपा येतो, भिंतीला ओल धरते, म्हणून दरवर्षीसारखी मी ताडपत्री बांधली. गॅलरी वरपासून खालपर्यंत बंद झाली. आता झाड बघायचं तर दोरी सोडायची, ताडपत्रीचं टोक उचलायचं, डोकं बाहेर काढायचं आणि भिजायचं. पहिले काही दिवस तेही केलं. एक दिवस अंगात कणकण होती, म्हणून आतूनच ओरडलो, "तेवढंच हाय." खालून "बरं" आलं. दुसऱ्या दिवशी अंगात काही नव्हतं, तरी आतूनच ओरडलो. पुढं ते रोजचं झालं. त्यात लबाडीही नव्हती, की तिला नाव देता यावं. माझं काही अडलं नव्हतं, झाडावर माझा लोभ नव्हता. ओलं व्हायचा कंटाळा, दुसरं काही नाही. काल तेवढं होतं, आज तेवढंच असणार.

श्रावणातल्या त्या सकाळी मी चहा गाळत होतो. खालून नेहमीचा आवाज आला. हातातली गाळणी खाली न ठेवता मी उत्तर दिलं. पंच आत गेले. नळाला पाणी आलं होतं, म्हणून वहिनी इरलं म्हणून खताचं पोतं डोक्यावर घेऊन कळशी लावायला गेल्या.

आवाज फार मोठा झाला नाही. पावसात मोठे आवाजही दबतात. फांद्याचा शेंडा माझी ताडपत्री फाडून गेला, आणि कितीतरी दिवसांनी मला समोर बेचकं दिसलं. बुंध्यावरचा ठिपका जागेवर होता. दुसरा फांद्याबरोबर खाली गेला होता. चिरेच्या आतलं लाकूड काळं पडलं होतं आणि त्यावर हिरवं शेवाळ धरलं होतं. शेवाळ एका रात्रीत धरत नाही. ते बघितलं आणि मग मी खाली पळालो.

वहिनींविषयी एवढंच लिहितो, की त्या तिथंच गेल्या. दवाखान्यात नेलं ते रीत म्हणून. कळशी भरून वाहत होती आणि नळ बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

रक्षाविसर्जनाला मुलगी बिद्रीहून आलेली होती. सगळी गल्ली अंगणात. तिथं ती बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचा निर्णय फिरत न्हाय न्हवं? बसा आता निर्णय घेऊन." जावयानं तिला आवरायला हात धरला, तो तिनं झटकला. पंच हात जोडल्यासारखे पोटाशी धरून उभे होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्यांनी एकदा 'लाइननं सांगितलं होतं' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.  त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. गल्ली ऐकत होती, आणि गल्लीनं त्या दिवशी जे ऐकलं तेच आजवर सांगते आहे.

 मीही त्या क्षणी तोंड उघडलं नाही, आणि मग रोज ते उघडणं अवघड होत गेलं.

आठवडाभरानं पंचांनी उरलेला बुंधा तोडून घेतला. तोडणारा म्हणाला बुंधा ठणठणीत आहे, पावसाळ्यानंतर फूट धरेल, राहू द्या. पंचांनी मान हलवली. जमिनीला सपाट होईपर्यंत खुर्ची टाकून बसले होते. त्यांना दिसत किती होतं कोण जाणे. ते कान देऊन बसले होते.

त्यानंतरही शिस्त सुटली नाही. डबा एक महिना पुढच्या गल्लीतल्या खाणावळीचा, एक महिना मागच्या. मुलगी मात्र आली नाही, आणि त्यांनी फोन केला तर ती जावयाकडे देई. पंच जावयाला बिद्रीत पाऊस किती झाला, ऊस कसा आहे, एवढं विचारून ठेवून देत. हे मी जिन्यावरून ऐकत असे.

एकदा मी धीर केला. गौरी-गणपतीचे दिवस होते, ते पायरीवर बसले होते. मी म्हटलं, पंच, त्या दिवशी सकाळी मी... त्यांनी हात वर केला. "शिट्टी झाल्यावर चर्चा न्हाय." मी लगेच गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. त्यांच्या नियमाचा आडोसा मला त्या ताडपत्रीपेक्षा बरा वाटला, आणि मी पुढची सगळी वर्षं त्यात काढली.

दरम्यान गल्लीत नवी पोरं आली. ज्यांनी पंचांना मैदानात पाहिलं नव्हतं, त्यांनी तालमीच्या ग्रुपवर त्यांच्या नावानं विनोद सुरू केले. कुणी सांगितलेलं ऐकत नसलं की त्याला म्हणायचं, काय रे, आंबा पडायची वाट बघतोस काय. एक दिवस दुकानात पंचांच्या मागे उभं राहून एकानं ते म्हटलं. पंचांनी ऐकलं, सुटे पैसे खिशात टाकले आणि काठी टेकत निघून आले. मीही तिथं रांगेत होतो.

यंदा फाल्गुनात पंच गेले. झोपेतच गेले. मुलगी आली, तिनं सगळं रीतीनं केलं, रडली नाही. तेरावं झाल्यावर ती परत गेली, आणि थोड्या दिवसांनी मी एसटीनं बिद्रीला गेलो.

ती गोठ्यापुढं ज्वारीचा कडबा सोडत होती. मला बघून तिनं हात धुतले, सोप्यात बसवलं, पाणी दिलं. मी पाणी न पिता सगळं सांगितलं. ठिपके, ताडपत्री, गाळणी, शेवाळ. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. संपल्यावर बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला ठाव हुतं, काका," ती म्हणाली.

मला कळेना. ती शांतपणे सांगत गेली. आई रोज दुपारी फोन करायची. हसत सांगायची, की वरचे काका ताडपत्रीच्या बाहेर नाकसुद्धा काढत नाहीत आणि आतनंच तेवढंच हाय, तेवढंच हाय म्हणून ओरडतात.

मी विचारलं, "वहिनींनी पंचांना सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं हुतं की. बाबा म्हणालं, लाइनवर संशय घ्यायचा न्हाय, एकदा घेतला की मॅच चालत न्हाय."

"आणि वहिनी?"

"तिला झाड ठेवायचं हुतं." ती म्हणाली. "तुम्ही बघत न्हाय, ते तिच्या सोयीचंच हुतं. मलाबी ते हसण्यावारी वाटलं. वर जाऊन कुणी तरी बघा, म्हणून मी एका शब्दानं बोलले न्हाय."

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. हे ठाऊक होतं, तर अंगणात त्या दिवशी बापाला का बोललीस, मला का नाही?

 "तुमाला बोलून काय झालं असतं? तुम्ही आमचं कोण? राग काढायला आपलं माणूस लागतं, काका. माझं एकच उरलं हुतं."

आतून म्हैस हंबरली. ती उठली, कडब्याची पेंढी सोडली, परत आली. फोन यायचा तेव्हा ती शेजारीच उभी असायची, म्हणाली. बाबा पावसाचं विचारायचे ते तिला ऐकू यायचं. उद्या घेऊ, उद्या घेऊ म्हणत राहिली.

निघताना मी सांगितलं, की तालमीच्या अंकात हे लिहिणार आहे, पंचांवरचा बोल पुसला पाहिजे, दोष माझा होता एवढं लोकांना कळलं पाहिजे. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती दारात उभी राहून पदरानं हात पुसत होती.

"एकट्याचा लिहू नका," ती म्हणाली. "मलाबी ठाव हुतं, ते लिहा. आणि आईलाबी. न्हायतर तेबी खोटंच हुईल."